विस्तारित उत्पादक जबाबदारी (वेष्टन-कचरा)

माल वापरून झाल्यावर उरणारे वेष्टन गोळा करणे, त्याचा पुनर्वापर वा पुनर्चक्रीकरण करणे आणि उरलेल्याची सुरक्षित विल्हेवाट लावणे, या कामांचा भार उत्पादकावरही टाकणारे पर्यावरणीय धोरण. व्यवहारात ते ‘ईपीआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. बाटल्या, डबे, खोकी, पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, खाऊची पाकिटे असे सर्व प्रकारचे वेष्टन त्याच्या कक्षेत येऊ शकते.

तत्त्व : वेष्टन कसले असावे हे कंपनी ठरवते, ते उचलण्याचा खर्च मात्र नगरपालिकेवर, म्हणजे करदात्यांवर पडतो. वेफर्सच्या पाकिटात छापील प्लॅस्टिकचा एक थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेला दुसरा थर घट्ट चिकटवलेले असतात. त्यामुळे हवा व ओलावा आत शिरत नाही आणि वेफर्स कुरकुरीत राहतात. पण हे थर सुटे करणे परवडत नसल्याने भंगारवाला ते पाकीट घेत नाही. दुधाची पिशवी पॉलिएथिलीन या एकाच प्लॅस्टिकची असते, म्हणून ती किलोच्या भावाने विकली जाते. दोन्ही वस्तू एकाच घरातून बाहेर पडतात, परंतु त्यांचे पुढचे भवितव्य कारखान्यातच ठरलेले असते. विल्हेवाटीचा खर्च उत्पादकाच्या हिशेबात आला, तर तो कमी वजनाचे, एकाच पदार्थाचे किंवा पुन्हा भरता येणारे वेष्टन निवडेल, अशी या धोरणामागची अपेक्षा आहे.

उगम व प्रसार : स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे टोमास लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात ही संकल्पना मांडली. क्लाउस ट्योप्फर पर्यावरणमंत्री असताना जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टन-अध्यादेश काढून ती कायद्यात आणली. त्यासाठी उद्योगांनी उभारलेल्या संस्थेकडे शुल्क भरणारे उत्पादक आपल्या वेष्टनावर ‘हिरवा ठिपका’ छापू लागले आणि घरोघरचे वेष्टन पालिकेच्या कचऱ्यापासून वेगळे गोळा होऊ लागले. मात्र जमा झालेले प्लॅस्टिक पुनर्चक्रीकरणाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त निघाले आणि १९९३ मध्ये ही संस्था दिवाळखोरीच्या काठावर आली. २००३ पासून तेथे एकदाच वापरायच्या अनेक पेयबाटल्या व डब्यांवर २५ सेंट अनामत घेतली जाते. बाटली वा डबा परत केला की ही रक्कम परत मिळते.

जपानने १९९५ च्या कायद्याने कामाची वाटणी केली : नागरिकांनी वर्गीकरण करायचे, नगरपालिकांनी गोळा करायचे आणि उद्योगांनी पुनर्चक्रीकरणाचा खर्च द्यायचा. युरोपीय संघाने २०१८ च्या दुरुस्तीद्वारे २०२४ अखेरपर्यंत सर्व वेष्टनांसाठी अशी व्यवस्था उभारणे सदस्य देशांना बंधनकारक केले.

भारत : प्लॅस्टिक कचऱ्याविषयीच्या २०११ च्या नियमांत ही संकल्पना आली आणि २०१६ च्या नियमांनी ती अधिक ठोस केली. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी सक्तीची करून वेष्टनाचे चार वर्ग पाडले : कडक प्लॅस्टिक, लवचीक प्लॅस्टिक, प्लॅस्टिकसह अन्य पदार्थांचे बहुस्तरीय वेष्टन आणि कंपोस्ट होणारे प्लॅस्टिक. कडक प्लॅस्टिकसाठी किमान पुनर्चक्रीकरण २०२४-२५ मध्ये ५०, तर २०२७-२८ पासून ८० टक्के ठरले. लवचीक व बहुस्तरीय वर्गांसाठी हेच प्रमाण ३० वरून ६० टक्क्यांवर जायचे आहे. उद्दिष्ट पुरे करण्यासाठी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेता येतात. २०२३ मध्ये गुजरात, महाराष्ट्र व कर्नाटकातील काही कारखान्यांनी लाखो बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे केंद्रीय मंडळाच्या तपासणीत उघड झाले. कागद, काच व धातूच्या वेष्टनांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये मसुदा-नियम प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्र : मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदी अधिसूचनेत पेयबाटल्या व दूधपिशव्यांवर पुनर्खरेदीची किंमत छापण्याची अट होती : एक लिटर व त्याहून मोठ्या बाटलीसाठी १ रुपया, लहान बाटलीसाठी २ रुपये, दूधपिशवीसाठी किमान ५० पैसे. रिकामी बाटली परत घेणारी यंत्रणा दुकानादुकानांत उभी न राहिल्याने ही योजना रुजली नाही.

पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. उत्पादकाच्या जबाबदारीचे हेच तत्त्व वेष्टनापलीकडे नेत २०१३ मध्ये येथील कचरावेचक महिलांनी वापरलेले सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून त्यांच्या जबाबदारीची जाणीव करून दिली. पॅड गुंडाळून टाकण्यासाठी कंपन्यांनी पाकीट द्यावे, अशी तरतूद २०१६ च्या घनकचरा नियमांत आली. उघड्या कचऱ्यात हात घालणाऱ्या बायकांसाठी ती साध्या माणुसकीची बाब होती.

मूल्यमापन : या धोरणामुळे पुनर्चक्रीकरणासाठी पैशाचा हक्काचा स्रोत तयार होतो. परंतु जर्मनीच्या अनुभवातून दिसते की, गोळा करण्याबरोबर पुढील प्रक्रियेचीही सोय लागते. भारताच्या अनुभवातून दिसते की, कागदावरच्या टनांची प्रत्यक्ष तपासणी लागते. शिवाय भारतात सुका कचरा वेगळा करण्याचे बरेचसे काम कचरावेचक करतात आणि त्यांची कमाई मुख्यतः भंगाराच्या भावावर चालते. ज्या पाकिटाला भाव नाही, ते उचलण्याची मजुरी उत्पादकांच्या पैशातून त्यांना मिळणे हा न्यायाचा भाग आहे. शुल्क भरून तेच वेष्टन पूर्वीइतकेच बाजारात आणण्याची मुभा राहिली, तर धोरणाचा हेतूच हरवतो. म्हणून त्याचे यश किती प्रमाणपत्रे निघाली यापेक्षा दरवर्षी किती वेष्टन कमी बनले आणि किती पुन्हा भरले गेले, यावर मोजले पाहिजे.