रंध्यास न मानणाऱ्या फळ्या

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पूर्वजांनी घडविलेल्या रथांविषयी व वाड्यांच्या खांबांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही यंदा कारखान्यातील फळीची हकीकत सांगणार आहोत. आपल्या मुलांच्या हाती आज सागापेक्षा हीच फळी अधिक येते, आणि तिच्या बाबतीत आमच्याकडून एक अन्याय घडला आहे.

सन १९९४ मध्ये आम्ही शाळेसाठी पुस्तकांचे कपाट करविले. कारागीर आपल्याच ज्ञातीतील एक वृद्ध गृहस्थ होते. आणलेली १८ मिलिमीटरची फळी खाचेत बसेना. “रंधा मारून पातळ करा,” असे आम्ही फर्माविले. “गुरुजी, ही फळी रंध्याची नव्हे, कडेलाच पायरी काढतो,” असे ते म्हणाले. आम्ही ऐकले नाही. रंध्याचे पाते पाहता पाहता बोथटले, फळी वाकली, आणि आम्ही तिची किंमत त्यांच्या मजुरीतून कापली.

लाकडाचे पापुद्रे चिकटविण्याची विद्या फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडात सहा थरांची लाकडी शवपेटी सापडली. ती साडेचार हजार वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडातील सॅम्युअल बेंथम यांनी १७९७ मध्ये, तर न्यूयॉर्कच्या जॉन मेयो यांनी १८६५ मध्ये अशा कामाचे पेटंट घेतले. १९०५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्रदर्शनात प्लायवुड मांडले गेले आणि पुढे त्याचा मोठा धंदा झाला.

यातील मर्म असे की, लाकूड ओलाव्याने आडवे फुगते, उभे जवळजवळ फुगत नाही. म्हणून एका थराचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे ठेवतात. थर बहुधा विषम संख्येचे असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते. एकाच बाजूचा थर तासला की दुसरीची ओढ वरचढ होते व फळी वाकते.

भुशाच्या व कपच्यांच्या फळीची गोष्ट निराळी, पण निष्कर्ष तोच. जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी टाकाऊ लाकडापासून ती करण्याची रीत काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, तिचा कारखाना सुरू झाला. एमडीएफ अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात आले. तापलेल्या दाबयंत्रात फळीचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट होतात, गाभा मात्र भुसभुशीत राहतो. रंधा नेमका बळकट भागच काढून टाकतो, आणि कडक झालेला कृत्रिम डिंक पोलादाची धार खातो. कारखान्यातही जाडी नेमकी करतात. पण ती रुंद घासपट्ट्यांनी, दोन्ही बाजूंनी सारखी. शिवाय अशा डिंकात वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइड २००४ मध्ये कर्करोगजनक ठरविले गेले. तेव्हा घासताना नाकातोंडास फडके तरी बांधावे. आमच्या मते चांगला मुखवटाच घ्यावा.

पातळ फळी हवी तर पातळच विकत आणावी. नाहीतर कडेला पायरी काढून तेवढाच भाग खाचेत बसवावा. त्या गृहस्थांनी हेच सुचविले होते.

हे सारे वाचनातून कळल्यावर कापलेली रक्कम परत देण्यास आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते हयात नव्हते. चिरंजीवांनी पैसे घेतले नाहीत. ती रक्कम आम्ही मंडळाच्या विद्यार्थी-निधीत त्यांच्या नावे भरली आहे.