झाडाची जखम भरत नाही

दोर, हेल्मेट, करवत. फांदी उतरवायला एवढं पुरतं. पण करवत नेमकी कुठे टेकवायची?

मी शिकाऊ होतो तेव्हा उस्ताद सांगायचे, "खोडाला लागून काप. सफाई दिसली पाहिजे." सफाईचा हा सोस जुना आहे. १९०१ साली अमेरिकेत जॉन डेव्ही यांचं 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक आलं. त्या काळचे वृक्षवैद्य झाडाची कूज खरवडून पोकळीत सिमेंट भरत, किडलेला दात भरावा तसं.

पुढे अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञाने चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून पाहिली. १९७७ च्या सुमारास त्याने मांडलं, की झाडाची जखम भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालून कूज आत कोंडतं. फांदीच्या बुडाशी सालीची फुगीर वळी असते, ती या बंदोबस्ताची जागा. 'सफाई'त नेमकी तीच कापली जाते.

आता मी आधी खालून खाच घेतो, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही. मग वळी राखून कापतो. खालून सोसायटीतले काका ओरडतात, "अर्धवट का सोडलं?"

शिकाऊपणी मी सफाईने कापलेला एक पर्जन्यवृक्ष रोज वाटेत लागतो. त्याच्या ढोलीत आता माझा हात कोपरापर्यंत जातो.