खुर्चीत बसवलेली बाळं

तान्ह्याला पाजून झालं की टेकवून बसवा, दूध वर येणार नाही, असं आज्या सांगतात. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी त्यांना हसत नाही. हाच सल्ला नामांकित डॉक्टरांनी तीसेक वर्षं छातीठोकपणे दिला आहे.

1947 साली बॉस्टनच्या न्यूहाउझर आणि बेरेनबर्ग यांनी सतत ओकणाऱ्या बाळांचा बेरियम पाजून एक्स-रे तपास मांडला. अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल राहिल्याने दूध परतत होतं. काही बाळांत दुखणं त्यापुढचं असे. श्वासपटलाच्या फटीतून जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असे. हाच हायेटस हर्निया. फिल्मवर श्वासपटलाच्या वर पांढरी थैली दिसते. पण बाळ रडलं की ती वर चढते, निवांत झालं की उतरते. एकाच फिल्मवर निकाल देणाऱ्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

ओळख पटायलाही वेळ लागे. काही मुलं मान पिळवटत, अंग वाकडं करत. फिट येते असं समजून त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेत. 1964 साली लंडनच्या किन्सबोर्न यांनी अशी मुलं नोंदवली. मुळाशी हर्निया निघाला. त्या दुखण्याला आज सँडिफर सिंड्रोम म्हणतात.

उपचार? दूध दाट करायचं आणि बाळाला कलत्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसवायचं. बेलफास्टच्या कारे यांनी 1959 साली उपचाराविना राहिलेल्या मुलांचा मागोवा प्रसिद्ध केला. बरीचशी मुलं आपोआप सुधारली होती. काहींची अन्ननलिका मात्र व्रणांनी आकसली होती. अशांसाठी शस्त्रक्रिया आली. जर्मनी सोडावी लागलेल्या रुडॉल्फ निसेन यांनी 1955 साली स्वित्झर्लंडमध्ये रिफ्लक्ससाठी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवला. मोठ्यांसाठी शोधलेली ही युक्ती पुढे मुलांतही रुळली.

खुर्चीचा निकाल 1983 साली लागला. ओरेनस्टाइन यांनी 60 अंशांच्या खुर्चीतली आणि पालथी झोपलेली बाळं तपासली. खुर्चीतच दूध जास्त वर येत होतं! पाठीचा कणा न धरणारं बाळ खुर्चीत घसरतं, दुमडतं आणि पोटावर दाब येतो. मग पालथं झोपवण्याचा सल्ला आला. पण पालथं झोपण्याचा संबंध झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंशी आहे, हे दिसल्यावर 1990 नंतर तोही मागे पडला.

म्हणून आज सांगतो: पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, झोपवताना मात्र सपाट गादीवर उताणंच. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त दिसलं किंवा वजन वाढत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.