व्याळमुखी तोफ : मलिक-ए-मैदान

ड्रॅगनसदृश काल्पनिक श्वापदाच्या जबड्याचा आकार दिलेली निजामशाही तोफ. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १५४९ मध्ये ओतली गेली. सध्या कर्नाटकातील विजापूर (विजयपुरा) येथे शर्झा बुरुजावर आहे. मध्ययुगीन तोफांमध्ये ती जगातल्या मोठ्या ओतीव तोफांपैकी एक गणली जाते. विजापूरची तोफ म्हणून ती प्रसिद्ध असली, तरी तिचे जन्मस्थान नगर आहे आणि हे ठासून सांगायला हवे.    नगरच्या भुईकोट किल्ल्याचा आजचा दगडी तट हुसेन निजामशहाने १५५९ नंतर उभारला. म्हणजे ही तोफ त्या तटाहूनही जुनी आहे.

पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या चाकरीतील मुहम्मद रूमी या तुर्की ओताऱ्याने ती घडवली. लांबी सुमारे ४.४५ मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, नळीचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि वजन अंदाजे ५५ टन. धातू कांस्य, तांबे सुमारे चार भाग आणि कथील एक भाग. हे प्रमाण घंटेच्या धातूचे असल्याने तोफेवर टिचकी मारली तरी नाद उठतो. तोफेवर हिजरी ९५६ चा लेख असून त्यात बुऱ्हाणशहा स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. त्याने स्वीकारलेल्या शिया पंथाची ही खूण आहे.

तोफेचे खरे वैशिष्ट्य तिच्या तोंडात आहे. जबडा वासलेला, सुळे बाहेर आलेले आणि सुळ्यांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. या श्वापदाला कोणी सिंह म्हटले, कोणी ड्रॅगन, कोणी मकर. दख्खनच्या डोळ्यांना मात्र ते परके नव्हते. देवळांच्या खांबांवरचा व्याळ आणि किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ हे त्याचेच भाऊबंद. जंजिऱ्याच्या महाद्वारावरील श्वापदाने चार पंजांत, जबड्यात आणि शेपटीत मिळून सहा हत्ती पकडले आहेत. रायगडाच्या नगारखान्यावरही हत्ती दाबून धरणारा शरभ आहे. हत्ती हे त्या काळच्या फौजेचे सर्वांत अवजड बळ. तो गिळणारा प्राणी दरवाजावर कोरला तर तो इशारा असतो. तोफेच्या तोंडाशी घडवला की ते त्या शस्त्राच्या कामाचेच वर्णन ठरते. रूमीने परदेशातून आणलेली ओतकामाची विद्या आणि इथली शिल्पकल्पना या एका जबड्यात इतक्या नेमकेपणाने जुळल्या आहेत, की मला ही तोफ दख्खनच्या शिल्पकलेच्या इतिहासातही मानाने घ्यावीशी वाटते.

१५६५ मध्ये विजयनगरविरुद्धच्या राक्षसतागडीच्या (तालिकोट) लढाईत ही तोफ होती, अशी परंपरा आहे. त्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तांब्याची नाणी भरून मारा केल्याची हकीकत इतिहासकार फरिश्त्याच्या नावावर सांगितली जाते. पुढे तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती. तो किल्ला आदिलशाहीकडे गेल्यावर १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लावून ती ओढत नेल्याचे सांगतात. भीमाकाठच्या तुळापूरला नावेच्या साहाय्याने हत्तीची तुला केल्याची कथा ज्याची, तोच हा मुरार जगदेव. बार उडवताना कानठळ्या बसू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारत, अशी आख्यायिका विजापुरात ऐकायला मिळते.

१६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि या विजयाचा लेख तोफेवरच कोरवला. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, तिचा लिलाव झाला आणि बोली आली अवघी १५० रुपयांची. सुदैवाने तो व्यवहार रद्द करण्यात आला, नाहीतर हे अद्वितीय ओतकाम मोडीत वितळून गेले असते.

शस्त्राला श्वापदाचे तोंड देण्याची रीत इतरत्रही आढळते. मिंगकालीन चिनी युद्धग्रंथात ड्रॅगनचे डोके लावलेला, पाण्यावरून शत्रूच्या नौकांवर सोडायचा अग्निबाण वर्णिलेला आहे. युरोपात तोफांच्या जातींना सापांची आणि बॅसिलिस्क या काल्पनिक सर्पाची नावे होती. दौलताबादच्या मेंढा तोफेवर औरंगजेबाचे नाव असून तिच्या मागल्या टोकाला मेंढ्याचे डोके आहे. तिथे प्राणी ओळखीचा आणि त्याची जागा पाठीमागे. मलिक-ए-मैदानमध्ये मात्र गोळा सुटतो तो थेट श्वापदाच्या घशातून.