कलम ३० आणि बंगालातले मराठी

कलम ३०चा विषय निघाला की आमच्या जामखेडात एक वाक्य ठरलेलं असतं: हे कलम मुसलमानांच्या लाडासाठी आहे. आपल्यातलेही काही जण ते खरं मानून गप्प बसतात. कलमात तर 'धर्म किंवा भाषा' असं स्पष्ट लिहिलंय. पण ते शब्द तिथे कसे आले, हे कलम वाचून कळत नाही. त्यासाठी दुय्यम साधनांकडे, म्हणजे अभ्यासकांनी लिहिलेल्या ग्रंथांकडे जावं लागतं.

बी. शिव राव यांच्या घटनानिर्मितीवरील पाच खंडांपैकी चार मूळ कागदपत्रांचे आहेत. पाचवा, १९६८चा, अभ्यासाचा. आधी तो पाचवा वाचावा. कलमाचा मसुदा समित्यांतून कसा बदलत गेला, ते त्यात सापडतं. मग एच. एम. सीरवाई. महाराष्ट्राचे अनेक वर्षं महाधिवक्ता राहिलेल्या या पारशी विद्वानाचा घटनेवरचा ग्रंथ १९६७चा. ते निकालांशी बेधडक भांडतात. वाचायला मजा येते, पण त्यांचं मत म्हणजे कायदा नव्हे.

या ग्रंथांची खरी दौलत तळटिपा. उर्दूत संदर्भाला 'हवाला' म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ भलताच झाला! असे हवाले धरत गेलं की आपण ८ डिसेंबर १९४८च्या संविधान सभेत पोहोचतो. 'अल्पसंख्याक' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, हे सांगताना डॉ. आंबेडकरांनी मुसलमानांचं उदाहरण दिलं नाही. मुंबईत आलेले मद्रासी आणि बंगालात स्थायिक झालेले महाराष्ट्रीय, ही त्यांची उदाहरणं होती. अर्थात, ते बोलत होते आजच्या कलम २९मधल्या शब्दांबद्दल. वादात हा फरक विसरू नये, नाहीतर समोरचा तिथेच पकडतो.

त्याच चर्चेत झेड. एच. लारी यांनी प्राथमिक शिक्षण मुलांच्या भाषेत आणि लिपीत मिळावं, अशी दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आलं आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असं ठरलं.

पुढे २००२मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने, अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरेल, असं सांगितलं. म्हणजे महाराष्ट्रात उर्दू शाळेला जे कलम ३० आधार देतं, तेच कर्नाटकात बेळगावच्या मराठी माणसाला स्वतःची शाळा काढायचा हक्क देतं.