किल्ल्यांतील पहाटेचा चहा

आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या अहमदनगरचा किल्ला म्हटला, कीं प्रथम चांदबिबीचें नांव आठवतें आणि त्यामागोमाग १९४२ सालच्या राजबंद्यांचें. ९ ऑगस्ट रोजीं मुंबईंत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद येथें आणले गेले. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. नेहरूंनीं १९४४ सालीं येथें ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला, हें सर्वश्रुत आहे. मौलानांनीं येथेंच उर्दू पत्रें लिहिलीं, आणि त्या पत्रांत इतिहास, तत्त्वचिंतन व संगीत यांच्या पंक्तींत चहालाही मानाचें पान मिळालें आहे.

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, आपला चहा आपल्याच हातानें करीत आणि पेला समोर ठेवून लेखणी उचलीत. चहा चिनी, चमेलीच्या सुगंधाचा. त्यांत दुधाचा थेंबही चालत नसे. दुधाची चाल इंग्रजांनीं पाडली व तिच्यापायीं चहाची खरी चव हरपली, अशी त्यांची तक्रार होती.

ही केवळ लहर नव्हे. चहांतील तुरट द्रव्यें दुधांतील प्रथिनांशीं संयोग पावतात. तुरटपणा सौम्य होतो, पण नाजूक सुगंधही दबतो. आसामचा कडक चहा दूध सोसतो, म्हणून आपल्या घरीं तो उकळलेलाही शोभतो. चमेलीचा चहा मात्र उकळूं नये. ताजें पाणी तापवावें, उकळी बसल्यावर पानांवर ओतावें, दोन-तीन मिनिटें झांकून ठेवावें व गाळावें.

एप्रिल १९४३ मध्यें मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. आजाराच्या वार्ता येत असतांही त्यांनीं सुटकेसाठीं सरकारकडे याचना केली नाहीं. दिनक्रमही प्रयत्नपूर्वक ढळूं दिला नाहीं. अंत्यदर्शन घडलें नाहीं.

नबाब हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेलीं तीं पत्रें तुरुंगांतून पाठवितां आलीं नाहींत. १९४६ सालीं तीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. ज्याच्या हातीं स्वतःचें असें फारच थोडें उरलें होतें, त्यानें पहाटेचा एक पेला किती निगुतीनें जपला, हें त्यांवरून कळतें.