अहवाल निगेटिव्ह, धोका कायम

आज लढाईचा नाही, निदानाचा इतिहास.

१९८८ साली आमच्या युनिटमधल्या एका जवानाच्या पत्नीच्या पोटात दुखू लागलं. लघवीची चाचणी निगेटिव्ह. गोळ्या देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी तिला घेरी आली, खांदा दुखू लागला. ड्युटीवरच्या सिस्टरने अहवाल बाजूला ठेवून नाडी पाहिली आणि सर्जनला बोलावलं. गर्भनलिका फुटली होती. ती वाचली.

बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८१ मध्ये अशी शस्त्रक्रिया नाकारली. ती स्त्री दगावली. १८८३ मध्ये त्यांनीच फुटलेली नलिका काढून रुग्ण वाचवला. उपाय सापडला, पण ओळखायचं कसं? १९२८ची उंदरांवरची चाचणी, १९६०नंतरच्या लघवीच्या चाचण्या, सगळ्या एचसीजी या संप्रेरकावर अवलंबून. नलिकेतल्या गर्भात ते बरेचदा कमी असतं, म्हणून त्या चुकायच्या. १९७२ मध्ये ज्युडिथ वैटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी रक्तातलं अत्यल्प एचसीजी मोजून दाखवलं. पुढे सोनोग्राफीची जोड मिळाली.

टेहळणीत शत्रू दिसला नाही, म्हणजे तो नाही असं फौजेत कुणी मानत नाही. अहवालाचंही तसंच. आधी माणसाकडे पाहा. जय हिंद.